पेडलवरचा पाय

१९ सप्टेंबर

आज ट्रॅक्टर चढावर अडला. इंजन बंद पडलं नव्हतं, उलट जोरात ओरडत होतं, पण चाकं जागची हलेनात. मग ट्रॉली हळूहळू मागं यायला लागली. रोहिणीनं पळत जाऊन चाकामागं दगड लावला. दगड तिच्या हातात तयारच होता. सोमेश्वर खाली उतरेपर्यंत सगळीकडं जळका वास सुटला होता, चुलीत जुनी चप्पल पडावी तसा.

"क्लच गेला अक्का," तो म्हणाला.

"मागच्या दिवाळीनंतरच नवा टाकलेला ना?"

"व्हय," म्हणून तो पाण्याच्या टाकीकडं निघून गेला.

आमची सीताफळाची बाग खाली खोऱ्यात आहे आणि डांबरी रस्ता वर माळावर. व्यापाऱ्याची गाडी रस्ता सोडून खाली येत नाही. दोन ओळींच्या मधून जाईल आणि भरली ट्रॉली वर ओढेल असा हा एकच छोटा, जुना ट्रॅक्टर आमच्याकडं आहे. पहिला तोडा आठ-दहा दिवसांवर आलाय. सोमा आणि रोहिणी दरवर्षी ऊसतोडीला जातात. यंदा बाग भरून आली म्हणून मीच मुकादमाला सांगून आले, माझा भाऊ आणि भावजय टोळीत येणार नाहीत. आता माल वर कसा न्यायचा ते मलाच बघावं लागणार.

२० सप्टेंबर

भारत मिस्त्री धारूरहून आला. त्यानं पेडल हातानंच दाबून बघितलं.

"अक्का, ह्ये दोन बोटं रिकामं दबाया पायजे, मंग क्लच धराया पायजे. हितं रिकामं कायच न्हाई. प्लेट झिजलीय. ट्रॅक्टर मधून खोलावा लागंल."

"वर्षाच्या आत कशी झिजली?"

त्यानं सोमाकडं बघितलं. "कावून बे सोमा, पेडलवर पाय ठिऊन चालीवतूस का? पायाचं वजन पडलं की प्लेट अर्धी सुटती आन घासत राहती."

सोमा ट्रॉलीची कडी बघायला मागं गेला. मला राग आला. गावात कुणाचा क्लच जळला की हाच हसायचा. गिअर पडला की पाय खाली, हे त्यानंच मला सांगितलेलं.

भारत गेल्यावर रोहिणी म्हणाली, "अक्का, जोडून झाल्यावर मी चालवू का ट्रॅक्टर?"

मी म्हटलं, मशीन एका हाताखाली राहिली तर टिकते.

"एका हाताखाली ऱ्हाऊनच झिजली की," ती म्हणाली. मला ते बोलणं आवडलं नाही. नवऱ्याची चूक झाकायची सोडून ती त्याची जागा मागते आहे.

२२ सप्टेंबर

ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये दोन तुकडे होऊन पडलाय. बॉनेट काढलं, वायरी सोडल्या, डिझेलची नळी काढली, इंजनाखाली लाकडी ओंडके दिले आणि गिअरबॉक्सखाली जॅक. मग बोल्ट सोडून मागचा भाग मागं ओढला. आत काळी धूळ नुसती. प्लेटचं अस्तर संपून रिवेट वर आलेत आणि समोरच्या लोखंडावर त्यांनी चरे पाडलेत. ते लोखंड लेथवर घासून आणायला भारत घेऊन गेला. प्लेट नवीच लागणार. इतक्या जुन्या ट्रॅक्टरची प्लेट धारूरला नाही, अंबाजोगाईलाही नाही. परळीला मिळेल म्हणाला.

काम चालू असताना सोमा त्याच ओंडक्याला दोनदा अडखळला. पायात लग्नाकार्याचे सँडल घातलेत आणि डाव्या सँडलचा पट्टा घोट्याला सुतळीनं बांधलाय. मी विचारलं, हे काय सोंग? म्हणाला, "चप्पल तुटली." संध्याकाळी बघितलं तर चप्पल दाराशी चांगली धडकी पडलेली. एवढ्याशा गोष्टीला खोटं कशाला बोलावं माणसानं?

२४ सप्टेंबर

परळीला जाऊन आले. जुनी प्लेट पिशवीत घेतली होती, हात अजून काळे आहेत. स्टेशनकडच्या दुकानात सगळ्या खोक्यांवर वीज केंद्राच्या राखेचा थर. दुकानदारानं प्लेट हातात घेऊन फिरवली, आत गेला आणि कागदात गुंडाळलेली तशीच एक घेऊन आला. येताना एसटीत ती मांडीवर धरून बसले होते.

भारतनं कागद सोडला आणि मान हलवली. "दिसायला बहीण हाय, पर मधले दाते बारीक हायेत. शाफ्टावर बसायची न्हाई ही."

उद्या परत परळी. जानकीबाई आमच्या तोडणीच्या बायांची म्होरकी. ती म्हणाली, उगवतीच्या अंगाला फळांचा डोळा पडायला लागलाय. खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या झाल्या की डोळा पडला. मग फळ तोडलंच पाहिजे, नाहीतर दोन-तीन दिवसांत झाडावरच मऊ होऊन फुटतं.

२६ सप्टेंबर

हे लिहू की नको असं दिवसभर होतं.

बरोबरची प्लेट काल मिळाली. दुकानदारानं कुठल्याशा भंगारातल्या जुन्या प्लेटला नवं अस्तर लावून दिलं. आज भारतसाठी पाने शोधत होते तर टूलबॉक्सच्या मागं फडक्यात गुंडाळलेली बाटली सापडली. झाकण उघडलं, वास नाकाला झोंबला. मी रोहिणीला हाक मारली.

"पाठीला चोळायचं त्याल हाय," ती म्हणाली.

"मग लपवून कावून ठेवलं?"

तिनं बाटली घेतली आणि पदराखाली धरून घरात गेली.

ज्या घरातून मी निघून आले त्या घरात बाटल्या अशाच फडक्यात असायच्या. आणि विचारलं की अशीच उत्तरं मिळायची, औषध आहे, तेल आहे. सोमाचं उंबऱ्याला अडखळणं, परवा अंधार पडताना रोहिणीच्या खांद्यावर हात टाकून येणं, सकाळी उठायला उशीर. सगळं मला पाठ आहे. मी हे एकदा जगले आहे. पुन्हा भावाच्या दारात जगणार नाही.

आज बायांनी पहिले क्रेट डोक्यावर वर नेले. अर्ध्या चढात बसायला लागत होतं. व्यापारी म्हणाला, असा थेंबथेंब माल देणार असाल तर मी दुसरीकडं गाडी लावतो.

२८ सप्टेंबर

ट्रॅक्टर जुळला. प्लेट बरोबर मध्यावर धरून दोन्ही तुकडे एकमेकांत घालायचे, हे काम नाजूक आणि ताकदीचं. केसभर इकडंतिकडं झालं तरी शाफ्ट आत जात नाही. भारत खाली पडून बघत होता, सोमानं भिंतीला पाठ लावून मागच्या चाकाला पायानं रेटायचं होतं.

"दोनी पाय लाव बे."

सोमा उजव्या पायानं रेटत होता. डावा टायरवरून घसरून खाली यायचा. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला.

"दारू पिऊन आलास का काय बे सोमा?" भारत हसत म्हणाला. बायाही हसल्या. सोमा हसला नाही. मीही नाही.

शेवटी रोहिणी त्याच्या शेजारी बसली, दोघांनी मिळून रेटलं आणि शाफ्ट आत गेला. नंतर पेडलची दांडी जुळवताना भारत विचारत होता, "कुठं धरतंय? हितं का अजून म्होरं?" सोमा नवशिक्यासारखा खाली पायाकडं बघून पेडल दाबत होता आणि म्हणत होता, "बग की तूच." इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवणाऱ्याला क्लच कुठं धरतो ते कळू नये? डोकं जाग्यावर नसलं की असंच होतं.

३० सप्टेंबर

ट्रॅक्टर ओढतोय. भरली ट्रॉली एका दमात वर गेली, वास नाही, घसरणं नाही. व्यापाऱ्याची गाडी रस्त्यावर उभीच होती. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

नवा क्लच टाकला तरी रोहिणीची दगडाची सवय जात नाही. ट्रॉली थांबली की ही दगड घेऊन चाकामागं हजर. दिवसभर ट्रॅक्टरच्या मागं फिरते आणि तोडणीला एक माणूस कमी पडतं. मी म्हटलं, उद्या क्रेट आणायला धारूरला जा.

"मी गेले तर यांच्यासंग कोन राहील?"

"तो काय तान्हा आहे?"

ती सोमाकडं बघत राहिली. सोमा म्हणाला, "जा तू."

उद्याच्याला गाडी मिळत नाही म्हणाली, परवा जाईल.

२ ऑक्टोबर

डावा हात बांधलाय. उजव्यानं लिहिते आहे. नीट क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

रोहिणी सकाळीच धारूरला गेली. आम्ही बागेच्या टोकाला, बाभळीजवळ, क्रेटची रास लावत होतो. मी आणि जानकीबाई राशीच्या पुढं वाकलेलो. सोमा ट्रॉली मागं घेत आमच्याकडं येत होता. मान मागं वळवून बघत होता, आम्ही त्याला दिसत होतो. मी हात वर करून "बस" म्हटलं. ट्रॉली येतच राहिली. मी ओरडले, "सोमा थांब." त्याचे डोळे माझ्याकडंच होते, तोही थांबायच्याच बेतात असल्यासारखा दिसत होता, आणि ट्रॉली येतच होती.

जानकीबाईनं माझा पदर धरून मला बाजूला ओढलं. हात तेवढा ट्रॉलीच्या फळीत आणि क्रेटमध्ये सापडला. रास चिरडली, ट्रॉली बाभळीला धडकली आणि इंजन बंद पडलं.

मग मी जे केलं ते लिहिते. मी तशीच पळत पुढं गेले. तो सीटवरून उतरून उभा होता. उजव्या हातानं त्याची कॉलर धरली, त्याचं तोंड खाली ओढलं आणि सगळ्या बायांच्या देखत हुंगलं. "किती प्यालास? सांग, किती प्यालास?"

चहाचा वास होता. बाकी काही नव्हतं.

त्यानं माझा हात काढला नाही. म्हणाला, "हुंगलंस? झालं?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "पाय पेडलवर व्हता अक्का. मी दाबला. मला वाटलं, मी दाबला."

मी खाली बघितलं. डाव्या पायात सँडल नव्हता. तो सकाळी नाल्यातून चालत येताना चिखलातच राहिला असावा. पाय ठेवायच्या पत्र्यावर रक्त होतं. मी त्याला पुढच्या चाकावर बसवून पाय वर केला, तर टाचेच्या पुढं बाभळीचा काटा मोडून आत गेलेला, बोटभर लांब. त्याच पायावर सगळा भार देऊन तो माझ्यासमोर उभा होता.

"सोमा, काटा."

"कुठं?" तो म्हणाला.

३ ऑक्टोबर

अंबाजोगाई. सरकारी दवाखाना. माझ्या मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलं. सोमाला भरती केलं.

डॉक्टरांनी त्याला पाय सरळ ठेवून बोटं स्वतःकडं ओढायला सांगितली. उजव्या पायाची बोटं उभी राहिली. डाव्या पायाकडं सोमा बघत राहिला, कपाळावर घाम आला त्याच्या, आणि बोटं जिथल्या तिथं. कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली आहे. ऑपरेशन करावं लागेल. किती दिवस होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा रोहिणीनं सांगितलं, "मागल्या सालच्या ऊसतोडीपास्नं. मोळी घेऊन ट्रकाच्या फळीवरून चढताना कळ आलती. मंग पाय बधिर व्हत गेला."

म्हणजे जवळजवळ वर्ष. तो पेडलवर पाय ठेवून चालवत होता कारण एकदा उचललेला पाय पुन्हा पेडलवर नीट पडेल याचा त्याला भरवसा नव्हता. पुढं चालवताना तो खाली नजर टाकून पाय ठेवायचा, पण मागं मान वळवली की पायाकडं बघता येत नाही. आणि रोहिणी दगड घेऊन का फिरायची ते मला आज कळलं.

"मला कावून सांगितलं नाहीस?" मी व्हरांड्यात तिला विचारलं.

"त्येंनी शपथ घातलती. आन अक्का, मी ट्रॅक्टर मागितला व्हता तुमाला."

नंतर त्याच्याजवळ जाऊन बसले. तो छताकडं बघत होता. "तू मुकादमाला न्हाई म्हनून सांगून आलतीस," तो म्हणाला. "टोळीत आता मला कोन घेत न्हाई. ट्रॅक्टर बी जमंना असं म्हनलं असतं, तर म्या तिथं कशापाई राहायचं? फळं मोजाया?"



५ ऑक्टोबर

बागेतला माल पिकतोय. माझा हात असा. मी इथं सोमाजवळ थांबले आणि रोहिणी गावी गेली. जाताना तिनं सांगितलं की ट्रॅक्टर तिला येतो, सोमानंच उन्हाळ्यात शिकवला, मी माझ्या शिलाईच्या क्लासचं सामान आणायला अंबाजोगाईला येत होते त्या दिवसांत. रिकामी ट्रॉली चालवली आहे, भरली कधी नाही.

दुपारी जानकीबाईचा फोन आला. "रोहिणी चढाला लागलीय. सोमाला आयकाया दे म्हनली."

सोमानं फोन उशीवर ठेवला, आवाज मोठा केला. इंजनाचा आवाज येत होता, मधेच बायांचे आवाज. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे आजोबाही उठून बसले. सोमा डोळे मिटून ऐकत होता.

"लई रेस देतीय," तो म्हणाला. "जानकीबाई, तिला म्हनावं तिसऱ्यात न्हाई जायचं. पैल्यातच ऱ्हा. आता पाय खाली काढ म्हनावं. पुरा काढ."

जानकीबाई पळत होती, तिचा दम ऐकू येत होता. इंजनाचा आवाज एकदम बसला. सोमानं माझ्या प्लास्टरवर हात ठेवला आणि तसाच दाबून धरला. मला दुखत होतं, मी हलले नाही. फोनमध्ये कोणीतरी "दगड, दगड" म्हणालं. मग काहीच नाही. मग इंजन पुन्हा घुमलं, जड, एकसारखं, आणि तसंच घुमत राहिलं.

"धरला," सोमा म्हणाला. "क्लच धरला."

थोड्या वेळानं जानकीबाई म्हणाली, रस्त्यावर आलो. आजोबांनी सोमाला विचारलं, "कोन व्हतं रं चालवाया?" सोमा म्हणाला, "बायको."

७ ऑक्टोबर

आज ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर बसून होते. आत नेताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मला बोलायचं होतं. माफ कर म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर पाणी पाहिजे का. त्याला पाणी प्यायची मनाई होती.

१३ ऑक्टोबर

पाठीतली कळ गेली म्हणतो. पाय तसाच. डॉक्टर म्हणाले, नस दबून फार दिवस झाले होते, ताकद येईल पण किती येईल आणि कधी ते सांगता येत नाही. चालायचं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. ट्रॅक्टरचं तर नावच काढायचं नाही, निदान काही महिने.

सोमानं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, "अक्का, एक सांगू का?"

"सांग."

"तू बायांम्होरं माझं तोंड हुंगलंस. त्या बायांसंग मी रोज काम करतो. त्येंच्याम्होरंच सांग."

मी हो म्हटलं. मला वाटलं होतं तो पुढं काही बोलेल, पण त्यानं कूस बदलली.

२६ ऑक्टोबर

सोमा घरी येऊन आठवडा झाला. मी रोज ठरवते आणि रोज राहतं. बाया कामात असतात, कधी व्यापारी असतो, कधी रोहिणी ट्रॅक्टरवर असते आणि आवाजात बोलणं ऐकू जाणार नाही. ही सगळी कारणं मीच शोधते हे मला कळतं. तो मला आठवण करून देत नाही. माझ्याशी बोलतो ते मालापुरतं.

पाय थोडा उचलला जातोय असं रोहिणी म्हणते. मला दिसत नाही.

२८ ऑक्टोबर

आज शेवटच्या मोठ्या तोड्याचा माल भरायचा होता. सोमा काठी घेऊन बागेपर्यंत आला आणि खाटेवर बसला. जेवणाची सुट्टी झाली, बाया झाडाखाली भाकरी सोडत होत्या. रोहिणीनं ट्रॅक्टर बंद केला होता. आता एकही कारण उरलं नव्हतं.

मी उभी राहिले.

"बायांनो, जरा ऐका," मी म्हटलं. "त्या दिवशी मी सोमाचं तोंड हुंगलं, प्यालास का म्हणून विचारलं, तुम्ही सगळ्यांनी बघितलं. सोमा प्यालेला नव्हता. तो कधीच पीत नव्हता. त्याच्या पायातला जीव गेला होता आणि त्या पायानं तो तुमचा आणि माझा माल वर नेत होता. मी न विचारता ठरवलं. माझं चुकलं."

सोमा जमिनीकडं बघत होता. जानकीबाईनं हातातली भाकरी मोडली.

"आमाला ठावं व्हतं, तो पीत न्हाई," ती म्हणाली. "पर तू म्हनलीस त्ये बरं झालं. बस आता, जेव."

मी बसले. जेवणं झाली, ट्रॉली भरली. रोहिणी सीटवर चढली, मागं बघितलं आणि सगळ्या बाजूला झाल्यावरच क्लच सोडला. बाया ट्रॉलीच्या मागं चालू लागल्या. सोमा खाटेवरून उठला आणि काठी टेकत चढाकडं निघाला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण हा चढ मोठा आहे. मी थांब म्हटलं नाही. त्याच्या डाव्या बाजूला गेले.

"हळू चाल," तो म्हणाला. "मला तुझ्याएवढं जमत न्हाई."

मी हळू चालले. तो मधे दोनदा थांबला तेव्हा मीही थांबले. आम्ही वर पोचलो तेव्हा गाडी भरून निघून गेली होती, आणि रोहिणी रिकामी ट्रॉली वळवून आमची वाट बघत उभी होती.